दानिएल वडिलांच्या नावाची मूठ

रवि., १ फेब्रुवारी १९३१
आज चर्चमध्ये आमच्या मंडळीचे पुढारी दानिएल वडील ह्यांनी पुन्हा बादशहासाठी, लाटसाहेबासाठी आणि कलेक्टरसाठी प्रार्थना केली. सगळ्यांना उत्तम आरोग्य दे म्हणाले. तुरुंगात बसलेल्यांसाठी एक शब्द नाही. मी डोळे मिटलेच नाहीत. पुढच्या बाकाशी गुडघे टेकून बसलेल्या त्यांची मान दिसत होती, तेल लावलेली, गुळगुळीत. सगळे आमेन म्हणाले. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

यापुढे ह्या वहीत नुसतं दा. व. लिहिणार. पूर्ण नावाला शाई वाया जाते.

मंगळ., ३ फेब्रु.
संध्याकाळी मार्थाकडे. मिशनच्या कंपाउंडच्या तारेबाहेर तिची झोपडी. बाळ गेल्यापासून ती बोललेलीच नाही. भाकरी समोर ठेवली की खाते, पाणी दिलं की पिते. माझ्याकडे बघते पण मी दिसते की नाही कोण जाणे.

सगळं एकदा लिहून ठेवते, म्हणजे राग शिळा व्हायचा नाही.

यशवंता माझा धाकटा भाऊ, मिशनच्या शाळेत मास्तर. पाऊसकाळ संपताना पाड्यावरच्या लोकांबरोबर राखीव जंगलात कायदा मोडून गवत कापायला गेला, डोक्यावर खादीची टोपी घालून. सरकारने धुळ्याच्या तुरुंगात नेऊन टाकला. मिशनचे गोरे साहेब रजेवर मायदेशी गेलेले, म्हणजे इथे दा. व. हेच साहेब. त्यांनी पंच बसवले. सरकार देवाने नेमलेलं, सरकारविरुद्ध गेला तो देवाविरुद्ध गेला, म्हणून यशवंताचं नाव मंडळीच्या पटावरून काढलं. खोली खाली करवली. त्याची बायको मार्था पोटुशी, तिला तारेबाहेर काढलं. वर यंदा पिकाने दगा दिला.

मार्था मूठफंडाकडे गेली. हा फंड काही दा. व.ने काढलेला नाही. दळायला बसताना प्रत्येक घरातली बाई एक मूठ ज्वारी देवाच्या मडक्यात टाकते आणि रविवारी ती चर्चच्या टोपलीत ओतते. अडल्यानडल्याला त्यातून द्यायचं. मार्था लग्न होऊन आली त्या दिवसापासून टाकत होती. पण माप दा. व.च्या हातात. तो धान्य घालायच्या आधी बायकांना उभं करून उपकारस्तुती म्हणायला लावतो. ‘हे बापा, ह्या अन्नासाठी तुझे आभार, ज्या हाताने दिलं त्या हातावर आशीर्वाद दे.’ एवढ्याने भागत नाही. हात कुणाचा ते नावानिशी सांगावं लागतं. दानिएल वडिलांच्या हातावर. नाव नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा म्हणायचं.

मार्था तेही म्हणाली. पोट घेऊन उभी राहून म्हणाली. मग तो म्हणतो, "मूठ आज्ञाधारकांसाठी आहे, पोरी. सरकारने खडीचं काम काढलंय, तिकडे जा."

खडीवर गेली. तिथला कारकून म्हणाला, "मिशन शे ना तुम्हले पोसाले? नवरा सरकारना बंडखोर आनि पोट सरकारनी भराव?"

मी नंदुरबारच्या खादीवाल्या शेटजींकडे माणूस पाठवला. यशवंताला धरून नेलं तेव्हा स्टेशनवर ह्यांनीच हार घातला होता. उत्तर आलं की बाईने आधी शुद्ध होऊन आपल्या धर्मात यावं, मग आपल्या माणसाचं आपण बघूच. तिघांकडे गेलो. पोट कुणालाच दिसलं नाही, कपाळावर शिक्का कुणाचा तेवढंच सगळ्यांनी बघितलं.

मग ती जंगलात कंद खणायला गेली. नाल्यात पाय घसरला. बाळ वेळेआधी आलं, रडलंही नाही. दा. व. म्हणाला, बाप्तिस्मा नाही, बाप पटावर नाही, तेव्हा दफनभूमीच्या भिंतीआत जागा नाही. भिंतीबाहेर पळसाखाली मी आणि शेजारच्या जनाने खड्डा केला.

देवा, तुला त्याला क्षमा करायची तर कर. तू मोठा आहेस. मी करत नाही.

रवि., ८ फेब्रु.
करून टाकलं आज!

टोपली घेऊन दा. व. स्वतः बायकांच्या बाजूला आला. मुठीला त्याचेच हात लागतात ना. माझं मडकं माझ्यापुढे. मी ते टोपलीत उपडं केलं नाही. मूठभर ज्वारी हातात धरली आणि उभी राहिले. सगळं चर्च वळून बघायला लागलं.

"ही मूठ ह्या टोपलीत पडायची नाही, वडील. ही तुमच्या नावाची मूठ आहे. नीट लक्षात ठेवा."

त्याच्याकडे मूठ रोखून म्हटलं. मग ज्वारी पदराच्या गाठीत बांधली आणि मधल्या वाटेने बाहेर. मान ताठ. थेट मार्थाकडे गेले आणि तिच्या चुलीजवळच्या बोळक्यात ज्वारी ओतली. ठरवलंय, माझ्या घरची रोजची मूठ आता ह्या बोळक्यात. त्याच्या फंडातून तेवढी कमी. त्याने रोज रात्री जेवताना आठवावं.

मार्थाने बोळक्यात बघितलं. एवढंच.

पाड्यापाड्यावर देवाचं वचन शिकवत फिरायची माझी ही बायबलबाईची नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे. वाटेत येताना मलाच माझं ते वाक्य किती आवडलं, पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते.

बुध., ११ फेब्रु.
विहिरीवर गेले तर बायका बाजूला झाल्या. दोघींनी पोरांना पदराआड घेतलं. मला वाटलं, दा. व.ने बोलू नका म्हणून ताकीद दिली असेल. जनाच तेवढी जवळ आली, तीही हातभर अंतर ठेवून.

"राहेलबाई, खरं शे का वं? तुम्ही वडीलवर मूठ मारी?"

मला आधी समजेचना. मग समजलं आणि हसू फुटलं. मूठ! दाणे मंतरून मुठीत धरायचे, नाव घ्यायचं, फेकायचे, आणि माणूस झिजून झिजून मरतो, ती मूठ. मी चर्चमध्ये उभी राहून म्हटलं तुमच्या नावाची मूठ. अगं बाई! दुसरं काय ऐकणार लोक?

"दाना मंतरेल व्हतात म्हने," जना म्हणाली. "वडील काल्दिनपाईन जेवना नहीत."

सांगायला तोंड उघडलं. अगं येडे, ती फंडाची मूठ, मार्थासाठी काढली. एवढंच तर सांगायचं होतं. आणि मग ते "जेवना नहीत" कानात शिरलं. कालपासून वडील जेवलेले नाहीत.

तोंड मिटलं. घागर उचलली आणि म्हटलं, "वडिलांनाच विचार, कसं वाटतंय."

शुक्र., १३ फेब्रु.
शाळेच्या वाटेवर दा. व. समोरून आला. मला बघून रस्ता सोडून काट्यात शिरला! धोतर बाभळीला अडकलं. मी उगाच जागच्या जागी थांबले आणि पदराची गाठ चाचपली. गाठीत काही नव्हतं, तंबाखूची चिमूट होती.

इतकं हसले घरी येऊन की पोट दुखायला लागलं. मंडळीचा खांब म्हणे. बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून काढलं तरी ह्याच्या आतली मूठ काही धुऊन गेली नाही.

रवि., १५ फेब्रु.
दा. व. चर्चला नाही. पोटात कळा येतात म्हणे. प्रार्थना शाळेच्या दुसऱ्या मास्तराने केली, चार वाक्यांत आटोपली. कलेक्टरची तब्येत आज देवाला कुणी कळवली नाही.

माझ्या शेजारचा बाक रिकामा. टोपली माझ्यापुढे आलीच नाही, लांबूनच वळवली. चालेल.

बुध., १८ फेब्रु.
आजपासून उपासकाळ. राखेचा बुधवार.

पाड्यावर गेले होते शिकवायला. नेहमीचं सांगितलं की डाकण नाही, नजर नाही, मूठ नाही, एक देव आहे आणि त्याला भिऊ नका. एक म्हातारी ऐकून घेते, डोकं हलवते, मग विचारते, "बाई, मूठ नही म्हंतस ना तुम्ही? मंग तो वडील कसाले सुकी ऱ्हायना?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, देवाला ठाऊक.

येताना लाज वाटली, खोटं कशाला लिहू. जे नाही म्हणून पोटासाठी सांगत फिरते तेच आहे असं मौनाने कबूल केलं. पण येताना वाट दफनभूमीवरून येते. भिंतीच्या आत सगळ्यांच्या समाध्या चुन्याने रंगवलेल्या, आणि बाहेर पळसाखाली तो एवढासा उंचवटा. कुत्र्याने एका बाजूने उकरलं होतं. हातांनी माती सारखी केली, दगड ठेवले. लाज गेली.

शनि., २८ फेब्रु.
सुगंधाबाई आल्या. दा. व.ची बायको. दुपारी, पदर तोंडावर ओढून, जणू कंपाउंडात कुणी ओळखणारच नाही. आत यायला तयार नाहीत. उंबऱ्यापाशी उभं राहून रडायला लागल्या.

"राहेलबाई, काय असेल ते माझ्या अंगावर घ्या. त्यांचं उतरवा. पेज पण पोटात ठरत नाही."

ह्या बाईने माझं काही वाईट केलेलं नाही. मार्थाला गुपचूप ताक पाठवायची ती हीच. तरी माझ्या तोंडून गेलंच, "मूठफंडातलं खायला घाला ना. आज्ञाधारक आहेत ते."

रडता रडता बोलून गेल्या की भगताचाही काही उपयोग झाला नाही.

भगत! मी कान टवकारले. मागल्या दाराने आला होता म्हणे, कोंबडं घेऊन गेला. बैलाच्या गळ्यात दोरा बांधला म्हणून ज्याने एका म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर उभं करून पटावरून काढलं, त्याच्या घरात भगत! ईस्टरला नंदुरबारहून पाळकसाहेब येणार आहेत. भर मंडळीत सांगेन. वडीलकी जाईल, माप जाईल, पुढचा बाक जाईल. आणि तारेबाहेर माझ्या मार्थाच्या शेजारी एक झोपडी बांधायला जागा आहे, तिथे राहा म्हणावं.

सुगंधाबाईंना पाणी दिलं. त्या प्यायल्या नाहीत. बरोबर आहे, माझ्या हातचं कशा पितील.

रवि., ८ मार्च
दिल्लीत सरकारचा आणि चळवळवाल्यांचा समेट झाला! बाजारातून आलेल्या माणसाने सांगितलं. गवतवाले, मीठवाले, सगळे सुटणार. यशवंता ईस्टरच्या आसपास घरी.

धावत मार्थाकडे. सांगितलं. तिने मान वर केली आणि पहिल्यांदा, बाळ गेल्यापासून पहिल्यांदा, माझ्याकडे बघितलं. मग दाराबाहेर, पळसाच्या दिशेने. तिला काय वाटलं ते मला कळलं. यशवंता येऊन विचारणार, बाळ कुठे आहे?

यशवंता म्हणायचा, "ताई, प्रभूने आपल्याला मोकळं केलं ते काय फक्त रविवारपुरतं? सोमवारी पुन्हा सरकार मायबाप?" मी त्याला गप्प बसवायची. आता मला वाटतं त्याचं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं त्याला तुरुंगातही कळलं नसेल. सरकार जाईल एक दिवस. दा. व. जाणार नाही. उद्या स्वराज्य आलं तर हाच माणूस खादीची टोपी घालून पुढच्या बाकाशी गुडघे टेकेल आणि स्वराज्याच्या आरोग्यासाठी प्रार्थना करेल. आणि माप त्याच्याच हातात असेल.

मोठे लोक तिकडे समेट करोत. इथे नाही.

मंगळ., १७ मार्च
जसं झालं तसं लिहिते.

दुपारी जना पळत आली. दा. व.कडे भगत पुन्हा आला होता. सुपात दाणे टाकून बघितलं. म्हणाला, मूठ कंपाउंडात नाही, तारेबाहेरच्या घरात आहे, चुलीजवळच्या बोळक्यात. फेकणारा हात राहेलचा नाही. राहेल नुसतं तोंड. हात डाकणीचा.

"मार्थाले म्हनतस वं, मार्थाले! तिनीच पोर खादं म्हने, मंग मूठ भारी व्हस."

मी जनाला थोबाडीत मारली. बिचारी जना. तिने गालाला हात लावला आणि म्हणाली, "मी कोठे म्हनस? लोके म्हनतस."

धावत गेले तर झोपडीच्या दारावर दगडांचा सडा. मडकं फुटलेलं. मार्था आत कोपऱ्यात बसून होती, कपाळातून रक्त, आणि मांडीवर ते बोळकं, दोन्ही हातांनी धरलेलं. माझ्या मुठींचं बोळकं.

बोळक्याची गोष्ट भगताला दाण्यांनी सांगितली नाही. विहिरीवरच्या बायकांनी सांगितली, आणि त्यांना मी सांगू दिलं. एक वाक्य बोलायचं होतं मला विहिरीवर. एक.

बुध., १८ मार्च
ओरडून सांगितलं सगळ्यांना, विहिरीवर, शाळेच्या पायरीवर, चर्चच्या दारात. मूठ नाही! फंडाची मूठ होती! खायची ज्वारी होती! बायका ऐकून घेतात आणि नजर चुकवतात. डाकणीला वाचवण्यासाठी बोलते म्हणतात. त्या दिवशी गप्प राहिले ते खरं, आज बोलते ते खोटं.

दा. व.कडे गेले. दार उघडलं नाही. मी दारावर दोन्ही हात आपटले.

"वडील, काही झालेलं नाही तुम्हाला! मी काही मारलं नाही! बाहेर या आणि लोकांना सांगा!"

आतून आवाज आला, बारीक, ओळखू न येण्याइतका. "माझा बाप असाच गेला, राहेल. मी बघितलाय."

जन्मात पहिल्यांदा त्याने मला बाई न लावता हाक मारली. क्षणभर मला तो पोरगा दिसला, बापाच्या खाटेजवळ बसलेला. नको दिसायला. मला नको आहे ते. त्याच्या आवाजात एवढी भीती होती, मग मार्था पोट धरून उभी होती तेव्हा हा आवाज कुठे होता?

शनि., २१ मार्च
बोचकं घेऊन मार्थाकडेच राहायला आले. तिला माझ्या खोलीत न्यायला बघितलं, ती हलत नाही. तिच्या दारातून पळस दिसतो. ह्या जिल्ह्यात डाकण म्हटलेल्या बाईचं काय होतं ते मला सांगायला नको, पाड्यापाड्यावर फिरले आहे. पोलीसपाटलाकडे गेले तर तो म्हणतो, मिशनच्या लोकांची भांडणं मिशनमध्ये मिटवा. मिशनमध्ये म्हणजे दा. व.कडे!

आणि ईस्टरला यशवंता येणार. ह्या गदारोळात येणार. बायकोला डाकण म्हणणाऱ्याचं टाळकं फोडल्याशिवाय राहायचा नाही, आणि सरकार पुन्हा न्यायला तयारच आहे. तो यायच्या आत हे उतरलं पाहिजे.

रवि., २९ मार्च
झावळ्यांचा रविवार. पोरं शिंदीच्या फांद्या घेऊन गात होती. आम्हा दोघींना लांबून ऐकू आलं.

सुगंधाबाई आल्या, ह्या वेळी तोंडावर पदर न घेता. म्हणाल्या, "ते आता पाणीही पित नाहीत. तुम्ही म्हणता मूठ नाही. तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण त्यांचा नाही, राहेलबाई. त्यांच्यासाठी असेलच तर काय उपाय, तो सांगा."

आणि मला सुचलं. देवाने सुचवलं की सैतानाने, ते पाळकसाहेबांनी ठरवावं.

मी ताठ बसले, आवाज बदलला आणि सांगितलं, "मूठ उतरते. ज्या दाण्याची मूठ, त्याच दाण्याची भाकरी. ज्या बाईच्या घरची, तिच्याच हातची. तिच्या उंबऱ्यावर बसून खायची, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या समोर. आणि खायच्या आधी उपकारस्तुती म्हणायची. पूर्ण. ईस्टरच्या आत झालं पाहिजे."

सुगंधाबाईंनी तोंडपाठ करून घेतलं, दोनदा म्हणून दाखवलं आणि गेल्या.

मी बायबलबाई, भगतीण झाले. मूठ नाही हे सांगून कुणी ऐकलं नाही, मूठ आहे म्हटल्यावर ऐकलं. तो जेवून उठला आणि धडधाकट राहिला तर मार्थाच्या कपाळावरचं डाकणपण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुसलं जाईल. म्हणून सांगितलं.

नाही, तेवढ्यासाठीच नाही. मला तो त्या उंबऱ्यावर बसलेला बघायचाय. हात पसरून. त्याच्या तोंडून तिचं नाव ऐकायचंय. ही इच्छा दुसरीपेक्षा मोठी आहे, आणि मला तिची काडीइतकी लाज वाटत नाही.

मार्थाला सगळं समजावून सांगितलं. "चालेल ना गं?" तिने बोळकं घेतलं, सुपात ज्वारी ओतली आणि खडे निवडायला बसली.

शुक्र., ३ एप्रिल
उत्तम शुक्रवार. पाळकसाहेब आले. उपदेश क्षमेवर. चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होते, आत बसवलं नाही कुणी. म्हणाले, रविवारी प्रभुभोजन आहे, ज्याच्या मनात भावाविषयी काही असेल त्याने आधी जाऊन समेट करावा, मग मेजाजवळ यावं. पुन्हा समेट. ह्या वर्षी ह्या शब्दाने पिच्छाच पुरवलाय.

भगताची गोष्ट पाळकसाहेबांना सांगितली नाही. पुढे ढकललीय, टाकून दिलेली नाही.

दा. व.कडून निरोप नाही. नंदुरबारहून आलेल्या माणसाने सांगितलं, यशवंता सुटला, सोमवारच्या गाडीने येतो.

शनि., ४ एप्रिल
आला.

उन्हं वर आली तेव्हा. सुगंधाबाईंचा खांदा धरून, दुसऱ्या हातात काठी. मान एवढीशी झालेली, तेल नाही, दाढी वाढलेली. तारेच्या पलीकडे सगळं कंपाउंड उभं. पाळकसाहेबही उभे होते, त्यांना कुणी काय सांगितलं कोण जाणे. जना सगळ्यात पुढे.

तो उंबऱ्यावर बसला. माझ्याकडे बघितलं नाही.

मार्था आत दळत होती. जात्याचा आवाज थांबेपर्यंत कुणी हललं नाही. मग तिने पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. नेहमी करते तशीच. तीच ज्वारी. ताटलीत भाकरी, मीठ, एक मिरची. त्याच्यापुढे ठेवली आणि अंगणात त्याच्या समोर बसली.

त्याने तुकडा मोडला. तोंडाकडे नेला.

"पहिले उपकारस्तुती म्हना, वडील."

मार्था बोलली! आवाज जाड, गंजलेला, पण तिचा. तारेपलीकडे कुणीतरी "ओ माय वं!" म्हणालं. मला तिला मिठी मारावीशी वाटली. जागची हलले नाही.

त्याने डोळे मिटले. "हे बापा... ह्या अन्नासाठी तुझे आभार." थांबला. श्वास घेतला. "ज्या हाताने दिलं... त्या हातावर..."

आणि थांबला.

नाव घ्यायचं होतं. त्याचाच नियम. डाकणीचं नाव प्रार्थनेत घ्यायची त्याला भीती वाटली, की बंडखोराच्या बायकोच्या हाताला देवापुढे आशीर्वाद मागायची लाज वाटली, मला सांगता येत नाही. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मार्था म्हणाली, "ऐकू उनं नही."

हेच तो म्हणायचा, माप हातात धरून.

सुगंधाबाई रडत होत्या. पाळकसाहेब एक पाऊल पुढे आले, मी हात वर करून थांबवलं. काय धाडस माझं! थांबले पण ते.

मी आत येऊन हे लिहितेय, चुलीशी बसून. बाहेर बसवत नाही आणि लांबही जाववत नाही. दारातून त्याची पाठ दिसते आणि पाठीपलीकडे मार्थाचं तोंड. ती रागावलेली नाही. वाट बघतेय. भाकरीवर बसणाऱ्या माश्या पदराने वारते आणि वाट बघते.

मला उठून त्याच्या कानात सांगता येईल. दोन अक्षरं आहेत. तो म्हणेल, खाईल, उठेल, उद्या आम्ही सगळे मेजाजवळ जाऊ. सोमवारी यशवंता येईल तेव्हा अंगण झाडलेलं असेल. मूठ उतरेल, त्याचीही आणि माझीही.

भाकरी निवली. तारेजवळून कुणी गेलेलं नाही. तो पुन्हा सुरुवातीपासून म्हणतोय, "हे बापा, ह्या अन्नासाठी..."

मी नाव सांगणार नाही. त्याला माहीत आहे.